गाडीचीही खांदेमळणी करा

(वज्रेश्वरी, ता. भिवंडी येथील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांत वाचून दाखवावा.)



कालपासून इथे भावाची, आयातीची आणि कर्जाची चर्चा चालू आहे. माझ्या वाट्याला आज वेगळा विषय आला आहे: आपल्या दारात उभी असलेली जुनी पिकअप. कोणी म्हणेल, हा काय चळवळीचा विषय झाला? हा तर गॅरेजचा विषय. माझे म्हणणे असे की हा भावाचाच विषय आहे.

हिशेब घाला. समजा घरात १५ क्विंटल कापूस आहे. बाजारात गाडी घेऊन गेलात तर जो भाव मिळतो, त्यापेक्षा खेडा खरेदीवाला क्विंटलमागे २०० रुपये कमी देतो. म्हणजे एका खेपेला ३,००० रुपये. हा आकडा मी समजण्यासाठी धरला आहे, तुमच्या गावचा खरा आकडा तुम्ही घाला. ज्या दिवशी गाडी सुरू होत नाही त्या दिवशी खेडा खरेदीवाल्याला ते कळायला वेळ लागत नाही. तो दारात येऊन बसतो आणि तुम्ही त्याच्या भावाला मान डोलावता.

दुसरे उदाहरण सरकारी खरेदीचे. सीसीआय ८ टक्के आर्द्रता धरून भाव देते, त्याच्या वर कपात करते आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाही. २०२५ च्या हंगामापासून कपास किसान ॲपवर नोंदणी करून तारीख घ्यायची पद्धत आली. आता गाडी वाटेत बंद पडली, रात्रभर उघड्यावर दवात राहिली, तर तारीख हुकते ती हुकते आणि कापूस ओला होतो तो वेगळाच. नुकसान कुणामुळे झाले? दहा-वीस रुपयांच्या एका क्लिपमुळे.

१९७२ साली या राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्या काळात गाडी असूनही कापूस राज्याबाहेर नेता येत नव्हता, सीमेवर गाड्या अडवल्या जात. आपल्या आधीच्या पिढीने बाजाराच्या स्वातंत्र्यासाठी लाठ्या खाल्ल्या आणि तुरुंग भोगले. आता रस्ता मोकळा आहे. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा हा रस्ता वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाणा, जालना असा आपल्याच जिल्ह्यांतून येऊन याच भिवंडी तालुक्यात संपतो. रस्ता मिळाला, पण त्या रस्त्यावर चालणारी गाडी आपल्याकडे हवी. चाललेली गाडी म्हणजे नाही म्हणण्याची ताकद. "या भावात देत नाही, दुसरीकडे नेतो" असे ज्याला म्हणता येते त्याच्याशीच व्यापारी नीट बोलतो.

रोग ओळखा, मग औषध

मी शेतकी शिकलेला माणूस आहे, मिस्त्री नव्हे. पण पिकाचे आणि गाडीचे दुखणे ओळखण्याची रीत एकच आहे. कपाशीवर लाल्या दिसला की आपल्याकडे काय होते? कोणी मॅग्नेशियम मारतो, कोणी युरिया टाकतो, कोणी कृषी केंद्रवाला देईल ते तीन डबे एकत्र करून फवारतो. पान लाल होण्याची कारणे अनेक आहेत, आणि कारण शोधल्याशिवाय मारलेले औषध म्हणजे पाण्यात घातलेले पैसे. गाडीचेही तेच. सुरू होत नाही म्हणून आधी बॅटरी बदलली, मग सेल्फ बदलला, शेवटी कळले की बॅटरीचे टर्मिनल सैल होते.

म्हणून आज मी लक्षणे सांगणार आहे. तुमची गाडी मॅटॅडोर असेल, १९८६ साली आलेल्या टाटा ४०७ च्या घराण्यातली असेल किंवा महिंद्राची पिकअप असेल. साधा डिझेल पंप असलेल्या सगळ्या जुन्या गाड्यांना यातले बहुतेक लागू पडते.

सकाळची पाच मिनिटे

दूध काढायच्या आधी आपण म्हशीच्या अंगावरून हात फिरवतो तसे गाडी काढण्याआधी पाच ठिकाणी पाहायचे.

पहिले, इंजिन ऑइल. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद. पट्टी काढा, पुसा, परत घाला, मग पाहा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी असेल तर भरा, पण वरच्या खुणेच्या पुढे नको. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. गाडी सुरूच करू नका, मिस्त्रीला बोलवा.

दुसरे, रेडिएटरचे पाणी, इंजिन थंड असताना. तिसरे, फॅन बेल्ट. अंगठ्याने दाबला तर साधारण एक सेंटीमीटर दबावा. चिरा पडल्या असतील तर बदला. चौथे, ब्रेक ऑइलची डबी आणि टायर. पाचवे, गाडीखाली वाकून जमिनीवर पाहा. रात्रीतून पडलेला डाग सगळे सांगतो: काळा चिकट असेल तर इंजिन ऑइल, रंगीत पाणी असेल तर कूलंट, चाकाच्या आतल्या बाजूला ओल असेल तर ब्रेक. ब्रेकची ओल दिसली की त्या दिवशी गाडी बाहेर काढायची नाही.

गाडी तापली

आपल्या भागातल्या गाडीचे हे पहिले दुखणे. काटा वर चढला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि अर्धा तास थांबा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते, ते उसळून तोंडावर येते. थंड पाण्याची बादली गरम इंजिनवर ओतू नका, हेड तडकते.

थंड झाल्यावर कारण शोधा. चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि त्याच वेळी काटा चढला, तर बेल्ट तुटला समजा, कारण बहुतेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच बेल्टवर असतात. ज्या गाडीत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागे बसवलेला आहे, तिथे बेल्टबरोबर ब्रेकही जड होतो, हे ध्यानात ठेवा. बेल्ट ठीक असेल तर होज पाइप आणि त्याच्या क्लिपा पाहा. तेही ठीक असेल तर रेडिएटरची जाळी पाहा.

ही जाळी आपल्या धंद्यात हटकून भरते. कापसाचा तंतू, कडब्याचा भुसा आणि काळ्या मातीची धूळ यांचा थर बसला की वारा आत जात नाही. हंगामात दर आठवड्याला इंजिनच्या बाजूने बाहेर असे पाणी मारून धुवा. जोराचा फवारा नको, पाती वाकतात.

दुसरा थर आतून बसतो. बोअरच्या पाण्याने ठिबकच्या नळ्यांची छिद्रे कशी बुजतात ते तुम्ही पाहिले आहे. तोच क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. इथे वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडे आहेत. जमिनीच्या पोटातून वर येणारे पाणी खनिजे घेऊन येते; अंघोळीला ते चालते, रेडिएटरला चालत नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर वापरा. अडचणीत विहिरीचे पाणी घालावे लागले तर घाला, पण घरी आल्यावर ते काढून टाका.

पुन्हा पुन्हा पाणी कमी होते, बाहेर गळत नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात आणि सायलेन्सरमधून पांढरी वाफ थांबत नाही, अशी सगळी लक्षणे एकत्र आली तर हेड गॅसकेट गेले. त्यावर पाणी भरत राहून हंगाम काढायचा प्रयत्न करू नका. गॅसकेटच्या खर्चाचा पुढे पूर्ण इंजिनचा खर्च होतो.

सुरू होत नाही

हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. लाइट एकदम मंद झाला तर दोष बॅटरीत किंवा टर्मिनलवर. लाइट तसाच लख्ख राहिला आणि सेल्फ मुका असेल तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या वायरीत. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. गरम पाणी आणि खायचा सोडा घालून धुवा, कोरडे करा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा. मल्टिमीटर असेल तर पाहा: उभ्या गाडीत चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. चालू असतानाही १२ च्या आसपासच दिसले तर बॅटरी चार्ज होत नाही. तिथे नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही, अल्टरनेटर दाखवा.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही, तर मागे जाऊन सायलेन्सर पाहा. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे, पेट घेत नाही. हीटर असलेल्या इंजिनात आधी हीटर तपासा. अजिबात धूर नसेल तर डिझेलच पोचत नाही. टाकीत डिझेल आहे का, फ्यूज गेला का, पंपावरच्या सोलेनॉइडची वायर निघाली का, ते पाहा. चावी फिरवल्यावर तिथे "टक्" असा आवाज यायला हवा.

टाकी कोरडी पडली किंवा फिल्टर बदलला की पाइपात हवा शिरते. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू सैल करा, हँड पंप मारत राहा, आधी फेस येईल, मग सलग डिझेल. सलग डिझेल आले की स्क्रू आवळा. फिल्टरच्या तळाशी पाणी काढायची चावी असते, तीही आठवड्याला सोडा.

एक इशारा. ही रीत साध्या पंपाच्या गाडीची. सीआरडीआय गाडीत इंजिनवरच्या पाइपांत हजार बारच्या वर दाब असतो. ते नट सैल करू नका. ती धार कातडी भेदून आत शिरते.

धुराचा रंग

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. पहिला संशय एअर फिल्टरवर, मग नोझलवर. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रिंग झिजल्या असतील किंवा ऑइल जास्त भरले असेल. थंडीत सकाळी थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर चिंता नको.

एअर फिल्टर कागदाचा असेल तर आतून बाहेर हलकी हवा मारा. धुवू नका, चाकावर आपटू नका. फाटला असेल तर बदला. फिल्टर काढून गाडी चालवणारे महाभाग मी पाहिले आहेत. शेतरस्त्याची धूळ म्हणजे बारीक पॉलिश पेपर. ती आत गेली की लायनर आणि रिंग घासून काढते. ऑइल बदलायचे किलोमीटर कंपनीच्या पुस्तकात दिलेले असतात. आपल्या धुळीत त्याच्या आधीच बदला आणि फिल्टरही सोबत बदला.

भार, टायर आणि घाट

आरसीवर दोन वजने लिहिलेली असतात, रिकाम्या गाडीचे आणि भरलेल्या गाडीचे. वजाबाकी करा, तो तुमचा भार. कापूस फुगतो, त्यामुळे गाडी भरली असे डोळ्यांना लवकर वाटते. ज्वारीचे तसे नाही. १२ क्विंटल म्हणजे १,२०० किलो, आणि हौद्यात तर अजून जागा दिसते! ती जागा भरायचा मोह पाटे मोडतो, टायर फोडतो आणि घाटात ब्रेक घालवतो.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. जुना, चिरा गेलेला टायर गावच्या रस्त्यावर धकतो. समृद्धीच्या सिमेंटवर तासन् तास एकाच वेगाने तो तापतो आणि फुटतो. हवा कमी असेल तर आणखी लवकर तापतो. हवा सकाळी, टायर थंड असताना, कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. रिमोल्ड टायर पुढच्या चाकाला कधीही नको.

नाशिकच्या जुन्या रस्त्याने येणाऱ्यांनी कसारा घाट उतरला आहे. घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे दोनदा चुकतात. गिअरमध्ये उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की पंप डिझेल जवळजवळ तोडतोच. आणि न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, मग पायाखाली काही उरत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून दोन वर्षांनी बदला. पाय दोन-तीनदा मारल्यावरच ब्रेक लागत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

आगीचे भय

कापूस आणि कडबा हे दोन्ही ठिणगीची वाट पाहणारे माल आहेत. सायलेन्सरजवळ कडबा लोंबू देऊ नका. भोक पडलेला सायलेन्सर हंगामाआधी बदला. फ्यूज उडाला की त्या जागी तांब्याची तार घालणे म्हणजे आगीला आमंत्रण. उडालेला फ्यूज सांगत असतो की पुढे कुठेतरी वायर घासली आहे. ती शोधा. मालाजवळ बिडी नाही, हा नियम मालकापासून हमालापर्यंत सगळ्यांना.

कडब्याचा उंच भार विजेच्या तारेला लागून गाड्या जळतात, हे आपण दरवर्षी ऐकतो. वाटेतल्या लोंबत्या तारा आधी पाहून ठेवा आणि त्या बेताने भार रचा. तार लागलीच तर गाडीतच बसून राहा आणि वीज बंद करायला फोन करा. आग लागल्यामुळे उतरावेच लागले तर गाडीला हात न लावता दोन्ही पाय जोडून बाहेर उडी मारा आणि पाय न उचलता, घासत दूर जा. एक पाय गाडीवर आणि एक जमिनीवर ठेवलात तर जीव जाईल.

आणि मायबहिणींनो, वेचणीहून परतताना मालावर बसून येऊ नका. मालक म्हणेल, चार किलोमीटर तर आहे. गाडी मालाची आहे. ती उलटली तर विमा हात वर करतो आणि घर उघड्यावर पडते.

मिस्त्रीशी व्यवहार

मिस्त्री आपला शत्रू नाही, तोही घामाचेच खातो. पण "काहीतरी बिघडले आहे, बघा" असे सांगून गाडी सोडली तर तो अंदाजानेच भाग बदलणार. लक्षण सांगा: कधी होते, थंड असताना की तापल्यावर, धूर कोणत्या रंगाचा, आवाज वळणावर येतो की ब्रेक मारल्यावर. बदललेला जुना भाग परत मागा आणि बिल घ्या. गाडीत एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती पैसे. वर्षाअखेर ही वही सांगेल की गाडी तुम्हाला पोसते की तुम्ही गाडीला. चेसिसला तडा गेला असेल, गंजाने पोखरली असेल, तर ममता न ठेवता ती गाडी सोडा. गाडी आठ वर्षांवरची झाली की पासिंग दरवर्षी करावे लागते. ते कटकट समजू नका, त्या निमित्ताने ब्रेक आणि दिवे नीट होतात.

गावाने काय करावे

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो. वर्षभर जू ओढून सुजलेल्या खांद्याला लोणी-हळद लावतो. पोळा येतो श्रावण अमावस्येला, आणि पहिली वेचणी त्यानंतर महिना-दीड महिन्याने. गाडीच्या दुरुस्तीला याहून चांगला मुहूर्त नाही. आपण मात्र खंडेनवमीला गाडीला झेंडूचा हार घालतो आणि बोनेट उघडतही नाही. हार जरूर घाला, त्याआधी पाट्यांच्या शॅकलला, किंगपिनला आणि शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस घाला. नवे ग्रीस जुनी धूळ बाहेर ढकलते.

माझी सूचना अशी. प्रत्येक गावात, जिथे पाच-सहा गाड्या आहेत तिथे, वर्गणीतून एक पेटी करा. ग्रीस गन, मल्टिमीटर, पान्यांचा संच, चांगला जॅक, ओढायचा दोर, फ्यूज, होजच्या क्लिपा आणि गावात जास्त असलेल्या गाडीचा एक बेल्ट आणि एक डिझेल फिल्टर. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरायचे नाही, म्हणून लाकडाचे चार भक्कम ठोकळेही त्यात ठेवा. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकलेला मुलगा आपल्याकडे बहुधा असतोच. पोळ्याच्या आठवड्यात एक दिवस त्याला मेहनताना देऊन बोलवा आणि सगळ्या गाड्या एका ठिकाणी तपासा. फुकट राबवू नका. घामाचे दाम मागणाऱ्यांनी दुसऱ्याच्या घामाचेही द्यायला हवेत.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने दोन गोष्टी लिहून आणाव्यात. गेल्या हंगामात गाडी बंद पडल्यामुळे किती जणांनी घरातून माल दिला, आणि भावात किती फरक पडला. हे आकडे समोर आले की दुरुस्तीच्या पेटीला वर्गणी मागावी लागणार नाही.